दोन डावे

बूट-चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं म्हणजे पैसे घ्यायचे, असं ज्याला वाटतं त्यानं सेलच्या दिवशी एकदा तिथं बसून बघावं. पैसे घेणं हे शेवटचं काम, आणि सगळ्यात सोपं. त्याआधी माणसाचा राग घ्यावा लागतो, बायकोशी झालेलं भांडण घ्यावं लागतं, उन्हातून चालत आल्याची चिडचिड घ्यावी लागते. हे सगळं घेऊन पिशवीत जोडी घालून हसतमुखानं परत द्यायची, तेव्हा कुठे गल्ल्याचा खण उघडतो.

कोपऱ्यावरच्या त्या दुकानात गल्ल्यावर एक बाई बसायची. तिला सगळे लादी म्हणायचे. लादी म्हणजे बर्फाची लादी. ती कधी तापत नसे म्हणून. हे नाव पडलं त्याचीही गंमत आहे. एकदा एका गृहस्थानं बूट असा आपटला की गल्ल्यावरचं स्टेपलर खाली पडलं. बाईनं शांतपणे बूट उचलला, उलटा केला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बघा, एवढं आपटून टाच हलली नाही. माल पक्का आहे हो." गृहस्थाला हसू फुटलं. जाताना तो बायकोसाठीही एक जोडी घेऊन गेला. त्या दिवसापासून ती लादी.

तिचे नियम साधे होते. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही. 'का' म्हणून विचारायचं नाही. आणि आधी बसवायचं. माणूस बसला की त्याचा राग अर्धा खाली येतो, कारण उभ्यानं भांडायला जी छाती लागते ती स्टुलावर बसून काढता येत नाही. बूट-चपलांच्या दुकानात तर बसलेल्या माणसाच्या पायात बूट नसतो, आणि मोजे घातलेला माणूस फार वेळ मोठ्यानं बोलू शकत नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं करून बघावं.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी लादी सकाळपासून हवेत होती. नवरा शिंपी, त्यानं रात्री बसून तिच्या कपड्यांना नवी किनार लावून दिली होती. नणंद दारात उभी राहून म्हणाली, वहिनी, संध्याकाळी मालकीण होऊन आलात तर आम्हाला ओळख द्याल ना. लादीनं तिला लटका धपाटा घातला, पण जिना उतरताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

कारणही तसंच होतं. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, मालकांचं नवं दुकान तयार होत होतं. सुतारकाम संपत आलं होतं, काच बसायची बाकी होती. ते दुकान कोणाच्या हाती द्यायचं यावर मालकांचं मन महिनाभर हिंदकळत होतं. एकीकडे सख्खा भाचा, बहिणीचा एकुलता एक. गोड मुलगा, हल्ली दिवसभर समोर सुतारांवर लक्ष ठेवून बसायचा, पण गिऱ्हाईक दोनदा बोललं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. दुसरीकडे लादी. शेवटी आदल्या संध्याकाळी मालकांनी दोघांना समोर बसवून निकाल लावला.

"उद्या सेल आहे. गल्ल्यावरून एकही माणूस चिडून गेला नाही, तर समोरच्या किल्ल्या हिच्या. एक जरी चिडून गेला, तर तुझ्या. म्हणजे माझ्या बहिणीला तोंड दाखवायला मी मोकळा, आणि हिलाही माझ्याबद्दल काही म्हणता येणार नाही."

भाचा हसला. लादीही हसली. पण ज्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काही मिळण्याची शक्यता दिसते, त्याला रात्री झोप लागत नाही, तशी तिला लागली नाही.

आता दुकानातली एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. या दुकानात बाहेर मांडलेला प्रत्येक बूट डावा असायचा. गिऱ्हाइकाला घालून बघायलाही डावाच मिळायचा. उजवे सगळे गल्ल्यामागच्या फळ्यांवर, लादीच्या ताब्यात. एका बुटावर कोणी पळून जात नाही, एवढा साधा हिशोब. पसंत पडला की डावा गल्ल्यावर यायचा, मग लादी त्याचा उजवा काढायची, दोन्ही शेजारी ठेवून माप ताडून बघायची आणि खोक्यात घालायची. याला दुकानात जोडी लावणं म्हणत. तिनं लावलेली जोडी कधी चुकली नव्हती.

सकाळ भरधाव गेली. शटर वर गेल्या गेल्या लोक असे आत शिरले, जणू फुकट वाटतायत. एक गृहस्थ वर्षभर वापरलेल्या सँडल घेऊन आले आणि म्हणाले, या आटल्या. लादीनं विचारलं नाही की चामडं कसं आटेल. तिनं त्यांना बसवलं, पाय मापून दाखवला, आणि पाय भरलाय हे अशा कौतुकानं सांगितलं की ते नवी जोडी घेऊन गेले. एका मावशींचा एक पाय प्लॅस्टरमध्ये होता. त्यांचं म्हणणं, मी एकच घालणार, तर किंमतही अर्धी. लादी म्हणाली, मावशी, प्लॅस्टर निघेल त्या दिवशी दुसरा काय रडत बसेल? मावशी हसून हसून काठीला टेकल्या. एक जण फोन कानाला लावून बायकोच्या तोंडून भाव करत होता. लादीनं फोन हातात घेतला, वहिनींशीच बोलली, आणि नवरोबांना घरून हुकूम आला की ती बाई म्हणते तेवढे द्या आणि या.

शिडीकाका हे सगळं वरून बघत होते. दुकानातले सगळ्यात जुने सेल्समन. दिवसभर शिडीवरच असायचे, म्हणून शिडीकाका. खाली वाकून हळूच म्हणाले, "लादीबाई, समोरच्या दुकानात मला जरा बुटकी शिडी घ्या. गुडघे दुखतात."

अर्धा दिवस झाला होता. एकही माणूस चिडून गेला नव्हता.

दुपारी जेवणाची सुट्टी असायची. मालक वरच्या मजल्यावर घरी जात. शिडीकाका आणि बाकीची मंडळी मागच्या गोदामात डबा खाऊन तिथंच खोक्यांवर लवंडत. शटर गुडघ्याइतकं उघडं ठेवून खाली ओढायचं, म्हणजे वारा येतो आणि गिऱ्हाईक येत नाही. दिवेही बंद. दुकान तेव्हा वेगळंच होऊन जायचं. सकाळभर माणसांच्या आवाजानं भरलेली ती जागा एकदम अशी गप्प व्हायची, की फळीवरचा एखादा बूट सैल होऊन कलंडला तरी दचकायला व्हावं. अंधारात चामड्याचा, चिकटवायच्या डिंकाचा, रबराचा, कोऱ्या पुठ्ठ्याचा वास दाट होऊन खाली बसायचा. उजेडाची एकच पट्टी शटरखालून आत यायची, आणि जमिनीलगत तिरपा ठेवलेला पायांचा आरसा तेवढा चमकायचा. त्या आरशात माणूस कधी पुरा दिसत नाही. घोट्यापर्यंतच.

लादी गल्ल्यावर एकटी बसली होती. झोप तर लांबच. ती मनातल्या मनात नव्या दुकानात फळ्या लावत होती. मुलांचे बूट खाली, त्यांच्या हाताला लागतील असे. स्टुलांना गाद्या. एवढ्यात उजेडाची पट्टी मध्येच तुटली.

शटरबाहेर कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं. गुडघ्याखालचं तेवढं दिसत होतं. मळकट पँट आणि तपकिरी बूट, पुढच्या टोकावर बारीक भोकांची नक्षी असलेले. जुन्या घाटणीचे. लादीची नजर धंद्यातली. तिला बूट दिसला की आधी त्याची जोडी दिसायची. आणि ही जोडी बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

दोन्ही बूट एकाच बाजूला वळलेले होते. दोन्ही डावे.

मग तिला हसूच आलं. आला का भाच्याचा माणूस, ती मनात म्हणाली. दुकानानं दोन डावे बांधून दिले अशी तक्रार घेऊन कोणाला तरी पाठवायचं, त्यानं आरडाओरडा करायचा, मालकांनी वरून यायचं. डोकं चांगलं चालवलं होतं पठ्ठ्यानं. तिला राग आला नाही. उलट असं स्फुरण चढलं, जसं पत्ते हातात चांगले असताना समोरच्यानं डाव वाढवला की चढतं.

बाहेरून आवाज आला. रिकामं खोकं फरशीवरून ओढावं तसा कोरडा.

"आत येऊ का?"

"या की," लादी म्हणाली. "गिऱ्हाईक कधी विचारून येतं का? या, बसा."

ती पावती पुस्तकाखालचं पेन काढायला वाकली. ते शटर असं की मांजर जरी खालून गेलं तरी किंचाळायचं. ते वाजलं नाही. ती सरळ झाली तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता.

उजेड गुडघ्यापर्यंतच होता, त्यामुळे चेहरा काळोखात. हात मांडीवर. तपकिरी बूट मात्र उजेडात, आणि समोरच्या आरशातही तेच. चार बूट, चारही... नाही, आरशात ते उजवे दिसत होते. लादीनं नजर काढून घेतली.

"बोला भाऊ. काय सेवा करू?"

"दुसरा द्या."

"कुठला दुसरा?"

"उजवा."

तो ओरडला नाही, हे तिला खटकलं. भांडायला पाठवलेला माणूस आवाज चढवतो, शेजारी गोळा करतो. हा तर देवळात बोलावं तसा बोलत होता. तिनं आपलं सगळं भांडार उघडलं. नवी जोडी देते म्हणाली, नको. पैसे परत देते म्हणाली, नको. पाणी देऊ का, चहा मागवू का, मालकांना बोलावू का. प्रत्येक वेळी तेवढाच थांबायचा आणि तेवढंच म्हणायचा, उजवा द्या. अवघड गिऱ्हाइकं तिनं खूप पाहिली होती, पण ज्याला एकच गोष्ट हवी असते आणि खरोखर तीच हवी असते, तसं गिऱ्हाईक विरळा. त्याच्यापुढे गोड बोलणं कामाला येत नाही.

मग तिला वरचं खोकं आठवलं.

छताला लागून सगळ्यात वरच्या फळीवर एक पिवळं पडलेलं खोकं होतं. मालकांनी हे दुकान दुसऱ्याकडून विकत घेतलं तेव्हापासून ते तिथंच. आत दोन उजवे. बुटांच्या दुकानात ही चूक कधी ना कधी होतेच: घाईत कोणीतरी दोन डावे बांधून देतं, आणि दोन उजवे मागं राहतात. बहुतेक वेळा गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत शिव्या देत परत येतं. हे आलं नव्हतं. मालक म्हणायचे, फेकू नका, ज्याचं आहे तो येईल. शिडीकाका धूळ झटकून ते पुन्हा तिथंच ठेवायचे. भाच्याला हे खोकं माहीत असणारच, लादीनं विचार केला. म्हणजे सगळा बनाव त्यावरूनच. तिचं अगदी पक्कं झालं, आणि शिडी चढताना तिनं मनात भाच्याला शाबासकीसुद्धा दिली.

खोकं उघडल्यावर मात्र तिचा हात क्षणभर थांबला. तपकिरी रंग. पुढच्या टोकावर बारीक भोकांची नक्षी. भाच्यानं याचे डावे कुठून पैदा केले असतील?

ती खोक्यासकट खाली आली, एक उजवा आणि पाय मापायची पितळी पट्टी घेऊन त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. गल्ल्यावरच्या बाईनं हे करायचं नसतं, पण आज ती काहीही करायला तयार होती. "काढा बघू हा," ती म्हणाली. "तुमचा उजवा तुम्हाला घालून देते, आणि वर पॉलिशही करून देते."

त्यानं नाडी सोडली. नाडी सुटायला फार वेळ लागला. बूट निघाला तेव्हा बंद खोक्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा थंड वास आला. तिनं पाय हातात घेतला. पाय जड नव्हता. गरमही नव्हता. उजव्या पायाचा अंगठा आतल्या बाजूला असतो, दुसऱ्या पायाशेजारी. याचा बाहेरच्या बाजूला होता.

लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं, की त्यांचे पाय उलटे असतात. हे उलटे नव्हते. बोटं पुढं होती, टाच मागं होती, नखं कापलेली होती. फक्त दोन्ही पाय डावे होते.

लादीच्या हातातली पट्टी फरशीवर वाजली. गोदामात कोणीतरी झोपेत कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागलं.

"दुकानात आलो होतो," तो हळू म्हणाला. "तेव्हा गल्ल्यावर दुसरे होते. म्हणालो, चावतोय. ते म्हणाले, नवा आहे, घालत राहा. घालून घालून बसेल."

दर दिवसाला लादी स्वतः हे वाक्य किती जणांना सांगायची, ते तिलाही आठवलं नसतं. आपल्या धंद्यात 'नमस्कार'च्या खालोखाल तेच बोललं जातं.

"घालत राहिलो... चालत राहिलो. मग बसला."

त्यानं तिच्या हातातून उजवा बूट घेतला आणि त्या पायाला लावून बघितला. अर्थातच तो गेला नाही. त्यानं बूट खाली ठेवला, सरळ, काळजीपूर्वक. "बूट बरोबर आहे," तो म्हणाला. "बुटाची तक्रार नाही."

"मग... भाऊ?"

"पाय बदलून द्या."

लादीच्या तोंडातून सवयीनं 'हो' निघणार होतं; ते तिनं दातांत धरलं. पण 'नाही' तरी कसं म्हणायचं? भाच्याचा डाव वगैरे तिच्या डोक्यातून कधीच गेलं होतं. तरीही, आणि हे ऐकून कोणाला नवल वाटेल, त्या काळोखात गुडघ्यावर बसलेल्या तिच्या मनात समोरच्या किल्ल्या खुळखुळत होत्या. 'नाही' म्हटलं तर हा चिडून जाईल. चिडला तर काय करतो कोण जाणे, आणि गेला तर किल्ल्याही गेल्या. भीती आणि हाव यांची इतकी घट्ट जोडी तिनं आयुष्यात लावली नव्हती.

तो वाकला. त्यानं तो उजवा बूट तिच्या उजव्या पावलाशेजारी ठेवला, अगदी लादी मापं ताडायची तसा, टाचेला टाच लावून. काळोखात त्याचं डोकं जरासं कललं.

"लहान आहे," तो म्हणाला. "पण घालत राहिलो की..."

तिच्या उजव्या पायाला थंडी वाजायला लागली. फक्त उजव्या.

आणि तेव्हा लादीनं ते केलं, जे जगातल्या प्रत्येक गल्ल्यावरचा माणूस अवघड गिऱ्हाईक समोर असताना करतो. तिनं त्याला दुसऱ्या गल्ल्यावर पाठवलं.

"भाऊ, तुमच्या मापाचा इथं नाही," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच होता, गार. "लहान माप देऊन मी तुम्हाला पुन्हा फसवणार नाही. समोर जा. नवं दुकान आहे, आत मालकांचा भाचा बसलाय. त्याचं माप तुमच्या मापाला बरोबर बसतं. मला मापं पाठ असतात."

त्यानं विचारलं, "ते देतील?"

"देतील. आमच्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही. माझं नाव सांगा."

स्टूल करकरलं. तो उठला, त्यानं सुटलेला बूट पुन्हा चढवला, उजवा पिवळ्या खोक्यात ठेवून ते काखेत घेतलं. शटरपाशी जाऊन थांबला. "किती दुकानं फिरलो," तो म्हणाला. "तुम्ही नीट बोललात. बसवलंत. मी सांगेन सगळ्यांना."

उजेडाची पट्टी पुन्हा तुटली, पुन्हा जुळली. शटर वाजलं नाही.

सुट्टी संपली, शटर वर गेलं, दिवे लागले. लादीनं रस्त्यापलीकडे बघायचं टाळलं. गिऱ्हाइकं पुन्हा लोटली आणि ती अशी काही जोडीला जोडी लावत सुटली की शिडीकाका म्हणाले, आज अंगात काय आलंय. खरंच काहीतरी आलं होतं. हात सणसणत होते, कान तापले होते, प्रत्येक भांडखोर माणूस तिला आपला वाटत होता. एक जण पट्टा तुटला म्हणून शिव्या घालत आला, तिनं त्याला असं खुलवलं की तो तिला स्वतःच्या मुलीच्या लग्नाला बोलावून गेला. समोरून आरडाओरडा ऐकू आला नाही. काहीच ऐकू आलं नाही. सुतारांच्या हातोड्या तेवढ्या मध्येच बंद पडल्या.

गर्दी ओसरत आली तेव्हा भाचा आला. हळू चालत, भिंतीचा आधार घेत. पायात सुताराच्या रबरी सपाता होत्या, ढगळ. मालकांना म्हणाला, मामा, दुकान ताईंना द्या. मला नको. मालकांनी विचारलं, अरे, झालं काय? तो म्हणाला, मला उभं राहायचं काम झेपणार नाही. मालकांना वाटलं पोरगं मोठ्या मनानं माघार घेतंय. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सगळ्यांसमोर किल्ल्यांचा जुडगा लादीच्या हातात ठेवला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शिडीकाकांनी शिडीवरूनच बुटक्या शिडीची आठवण करून दिली.

किल्ल्या गार आणि जड होत्या. लादीला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. या आनंदात तिची नजर खाली गेली, पायांच्या आरशात. सपाता पायांत बसत नव्हत्या. एकीतून अंगठा भलत्याच बाजूनं बाहेर आला होता.

भाचा गल्ल्यापाशी आला. कानाच्या पाळ्या लाल नव्हत्या. त्यानं इतक्या हळू विचारलं, की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू गेलं नसतं.

"ताई, तुम्ही त्याला माझं नाव का सांगितलंत?"

तिचं तोंड नेहमीसारखं आपोआप बोलून गेलं, "बस ना, जरा टेक."

तो बसला नाही. भिंतीला धरून निघून गेला, आणि त्यानंतर त्याला गावात कोणी पाहिलं नाही. बहिणीकडून मालकांना निरोप आला की तो कुठेतरी बसून करायचं काम शोधतोय.

नवं दुकान पुढच्या महिन्यात उघडलं. दर्शनी भाग सगळा काचेचा, ऊन थेट आतपर्यंत. दुपारची सुट्टी लादीनं बंदच करून टाकली; मंडळींनी आळीपाळीनं जेवायचं, दिवे विझवायचे नाहीत. लोकांना वाटलं, बाई धंद्याला पक्की. नवऱ्यानं गाद्या शिवून दिल्या, नणंदेनं दाराला तोरण बांधलं. लादीच्या मनातली धाकधूक पहिल्या चार गिऱ्हाइकांबरोबरच विरली. स्वतःच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाची ऐट काय वर्णावी. ती बसल्या जागी दोन बोटं उंच झाली होती.

मग एक दिवस तिला आधी रांगेचा आवाज जाणवला. म्हणजे, आवाज नसणं जाणवलं. सकाळच्या भर उन्हात गल्ल्यापासून दारापर्यंत आणि दारातून फुटपाथवर रांग लागली होती, आणि तीत कोणी ढकलत नव्हतं. कोणी घड्याळ बघत नव्हतं. पोरं रडत नव्हती. इतकी शहाणी गिऱ्हाइकं कुठल्याच दुकानात कधी एकत्र येत नाहीत. आणि सबंध रांगेत एकाचीही नजर बुटांकडे नव्हती. माणसं शो-केसमधला माल बघतात तशी ती सगळी दुकानातल्या माणसांकडे बघत होती. एक म्हातारा सेल्समनचे हात निरखत होता, उलटे, पालटे. कोणी शिडीकाकांच्या मानेकडे बघत होतं.

रांगेत पहिली एक बाई होती. मान खाली घातलेली, पदर पुढं ओढलेला. आवाज फार मऊ.

"त्यांनी तुमचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "म्हणाले, तिथं नाही म्हणत नाहीत."

लादीनं सवयीनं स्टुलाकडे हात केला.

बाईनं मान वर केली. वर शिडीकाकांच्या हातून खोकं निसटलं आणि त्यातले बूट पायरीपायरीनं खाली आले. ते उचलायला कोणी वाकलं नाही. बाई गल्ल्यावरून पुढं झुकली. चोखंदळ गिऱ्हाईक घेण्याआधी बघतं तशी तिनं लादीच्या एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात. आणि अगदी अदबीनं विचारलं,

"दोन्ही एकाच मापाचे आहेत ना?"